मुक्या जिवाच्या छातीचे चित्र
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या वर्षी व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली, तेव्हा त्यांनी विषय विचारला. आम्ही तो सांगताच ते क्षणभर स्तब्ध झाले. ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात कुलवृत्तांत, शिष्यवृत्ती, वधूवरसूचन, गुणवंतांचा सत्कार हे विषय शोभतात. कुत्र्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र कसे घेतात आणि कसे वाचतात, हा विषय येथे कशासाठी, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला होता. त्या प्रश्नाचे उत्तर भाषणाच्या अखेरीस आपोआप मिळेल, असे आश्वासन देऊन आम्ही त्यांची संमती मिळविली.

प्रथम आमचा अधिकार सांगतो. तो अगदी अल्प आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. ३८ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. जे सांगणार आहोत ते जाणत्यांकडून ऐकलेले, ग्रंथांतून पडताळलेले आणि काही अंशी स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे.

आमच्या घरी बंड्या नावाचा एक पांढरा पॉमेरेनियन कुत्रा आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी गेले, तेव्हा त्यांच्या मागे तो आमच्याकडे राहिला. सांधेदुखीमुळे आमच्या सौभाग्यवतींचे घराबाहेर जाणे कमी झाले होते. अशा काळात हा जीव त्यांच्या पायाशी बसे, त्या देवघरात गेल्या की उंबऱ्याबाहेर थांबे आणि सायंकाळी दिवेलागणीला त्यांच्या आधी दाराशी जाऊन उभा राही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, त्याचे वय १० वर्षांचे असताना, त्यास खोकला जडला. खोकलाही विचित्र, बदकाने ओरडावे तसा. रात्री एक-दीडला सुरू होई, आणि घरात कोणास झोप नसे.

शहरातील एका दवाखान्यात आम्ही त्यास नेले. तेथे छातीचे एकच चित्र काढले. हृदय फार मोठे झाले आहे, फुप्फुसांत पाणी भरले आहे, असे आम्हांस सांगण्यात आले. लघवी वाढविणारी औषधे दिली. आठवडाभर काही उतार पडला नाही. पुढच्या भेटीत, त्रास असह्य होत असेल तर त्यास शांतपणे झोपविणे हाच मार्ग, असा सल्ला मिळाला. आम्ही व्यवहारी माणूस. विचार केला, वय झाले आहे, हाल कशाला वाढवायचे. पुढचा सोमवार ठरवून आलो.

शनिवारी रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एखादा मुलगा नापास होत असला, तर त्याचा पेपर तुम्ही दुसऱ्यांदा तपासत होता ना?"

आम्ही म्हणालो, "होय."

"मग याचा एकदाच का तपासला?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. रविवारी सकाळी आम्ही ते चित्र पाकिटात घालून दुसऱ्या एका पशुवैद्य डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या आपल्याच समाजातील एक कन्या. त्यांच्याविषयी पुढे बोलू. त्यांनी चित्र प्रकाशपेटीवर लावले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, रोग नंतर शोधू. आधी हे चित्र वाचण्याजोगे आहे का, ते बघू."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे.

आता हे चित्र म्हणजे काय, ते पाहू. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे अदृश्य किरण प्रथम हेरले. स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांस लाभले. त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले; त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्वच्छ दिसली. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले. तथापि या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, इंग्लंडातील हॉबडे आदी पशुवैद्यांनी हे किरण जनावरांसाठी वापरून पाहिले. म्हणजे माणसाच्या मागोमाग मुक्या प्राण्यासही हा प्रकाश लाभला.

पशुवैद्यकाच्या इतिहासात आपल्या पुण्याचे स्थानही लहान नाही. ज्या संस्थेस आज भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थान म्हणतात, ती १८८९ साली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने येथे पुण्यातच, शास्त्र महाविद्यालयाच्या वास्तूत सुरू झाली, आणि १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरास गेली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. पुण्याजवळच्या शिरवळ येथील महाविद्यालय १९८८ चे. कुत्रा तर आमच्या परंपरेतच आहे. जेजुरीच्या खंडेरायाबरोबर तो आहे, दत्तमहाराजांच्या पायाशी तो आहे, आणि धर्मराजाने ज्याच्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले तोही कुत्राच. सबब हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

क्ष-किरण चित्र हे वस्तुतः सावलीचे चित्र आहे. किरणांस जो पदार्थ अडवीत नाही तो काळा दिसतो, जो अडवितो तो पांढरा दिसतो. हवा काळी, चरबी काळसर करडी, मांस आणि पाणी करडे, हाड पांढरे, धातू सर्वांत लखलखीत. या पाच छटांतच सर्व कथा लिहिलेली असते. छाती ही या विद्येची सर्वांत सोयीची पाटी होय. कारण फुप्फुसातील हवा ही काळी पाटी, आणि हृदय, रक्तवाहिन्या, श्वासनलिका ही तीवरील अक्षरे. मात्र फुप्फुसातील हवा कमी झाली की पाटीच करडी पडते, आणि अक्षरे कशी वाचावीत हा प्रश्न उभा राहतो.

येथेच माणूस आणि कुत्रा यांतील भेद आड येतो. आपणांस तंत्रज्ञ सांगतो, "श्वास घ्या, रोखून धरा." कुत्र्यास हे कोण सांगणार? म्हणून चित्र घेणाऱ्याने त्याच्या छातीकडे टक लावून पाहावे लागते, आणि श्वास पुरता आत गेला त्याच क्षणी बटण दाबावे लागते. अवधी क्षणाच्या अंशाएवढाच ठेवावा लागतो. नाहीतर धापेच्या हालचालीने चित्र पुसट होते. श्वास बाहेर टाकताना चित्र घेतले, तर फुप्फुसे आकसून पांढुरकी दिसतात व रोगाचा भास होतो. हृदयही छातीच्या मानाने मोठे वाटते. कुत्रा लठ्ठ असेल तर हा भास दुणावतो, कारण अंगावरची चरबी सारे चित्र पांढुरके करते, आणि हृदयाभोवतालची चरबी त्याच्या सावलीत मिळून जाते.

दुसरी गोष्ट निजविण्याची. आडवे चित्र घेताना पुढचे पाय पुढे ताणून घ्यावे लागतात, नाहीतर दंडाचे मांस फुप्फुसाच्या पुढल्या भागावर सावली धरते. मान फार वाकली, तर श्वासनलिका वर उचलली जाऊन छातीत गाठ असल्याचा संशय येतो. अंग तिरके झाले, तर हृदयाचा आकार बदलतो; म्हणून उरोस्थीखाली मऊ पाचर देऊन पाठीचा कणा व उरोस्थी एका पातळीत आणतात. उभ्या चित्रात कणा आणि उरोस्थी एकमेकांवर तंतोतंत पडल्या पाहिजेत. मानेच्या तळापासून शेवटच्या बरगडीपलीकडे, श्वासपटल संपेपर्यंत, सारी छाती चौकटीत आली पाहिजे. उजवी बाजू कोणती, हे दर्शविणारे शिशाचे अक्षर चित्रात असले पाहिजे.

तिसरी गोष्ट संख्येची. एक चित्र पुरत नाही. कुत्रा ज्या कुशीवर निजतो त्या बाजूचे फुप्फुस दाबले जाते, त्यातील हवा कमी होते, आणि तेथे एखादी लहान गाठ असली तर ती करड्यात करडी मिसळून अदृश्य होते. वरच्या फुप्फुसात मात्र भोवती हवा असल्यामुळे ती उठून दिसते. म्हणून उजव्या कुशीचे, डाव्या कुशीचे आणि उभे अशी तीन चित्रे घेण्याची रीत आहे. अन्यत्र झालेला कर्करोग छातीत पसरला काय, हे पाहताना तर ती अपरिहार्यच. परंतु कुत्रा श्वासासाठी तडफडत असेल तर हा सारा आग्रह सोडावा लागतो. त्यास आधी प्राणवायू द्यावा, मग पोटावर बसल्या स्थितीत एकच चित्र घ्यावे. त्याला बळे उताणा करणे हे जिवावर बेतू शकते. चित्रासाठी कुत्रा आहे असे नव्हे, कुत्र्यासाठी चित्र आहे.

आणखी एक सूचना, विशेषतः भगिनींसाठी. आपला बंड्या घाबरेल म्हणून आपण त्यास धरून उभे राहावे, असे मन म्हणते. शक्य तोवर ते करू नये. वाळूच्या पिशव्या, पाचरी आणि गरज पडल्यास सौम्य गुंगीचे औषध यांनी काम होते. धरणे अटळच असेल तर शिशाचा अंगरखा व हातमोजे घालावेत, किरणांच्या वाटेत हात आणू नये. आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांनी त्या खोलीत पाऊल ठेवू नये.

आता वाचनाकडे वळू. डॉक्टरबाईंनी आम्हांस सांगितलेला पहिला नियम असा, की डोळा हृदयाकडे धावतो, त्यास आवरावे. कडेपासून मध्याकडे जावे. आधी कातडी व स्नायू, मग १३ बरगड्यांच्या जोड्या, एकेक मोजून, मग कणा, मग श्वासपटल, मग फुप्फुसाभोवतीची पोकळी, मग श्वासनलिका व अन्ननलिका, मग हृदय, मग रक्तवाहिन्या, आणि शेवटी फुप्फुसे. एक दोष सापडला की शोध थांबवावासा वाटतो. तेथेच दुसरा, कदाचित खरा, दोष निसटतो. आम्ही वर्गात मुलांस सांगत असू, की प्रश्नपत्रिका आरंभापासून अखेरपर्यंत वाचा, मग लेखणी उचला. नियम तोच आहे.

हृदय मोठे की लहान, हे नजरेच्या अंदाजावर सोडू नये. ब्यूकॅनन आणि ब्युशेलर या संशोधकांनी १९९५ साली, म्हणजे राँटगेनच्या शोधानंतर १०० वर्षांनी, एक सुंदर माप प्रसिद्ध केले. आडव्या चित्रात हृदयाची लांबी, श्वासनलिका जेथे दुभंगते तेथून हृदयाच्या टोकापर्यंत, मोजावी. तिला काटकोनात रुंदी मोजावी. आणि ही दोन्ही मापे छातीच्या चौथ्या मणक्यापासून पुढे कण्यावर मांडून किती मणके होतात ते पाहून त्यांची बेरीज करावी. बहुतेक निरोगी कुत्र्यांत ती साडेआठ ते साडेदहा मणके भरते, सरासरी ९.७. प्रत्येक कुत्र्याच्या अंगातच त्याची मोजपट्टी असल्यामुळे लहानमोठ्या आकाराचा प्रश्न उरत नाही. तरीही जातीचा विचार करावाच लागतो. बॉक्सर व लॅब्राडोर यांची सरासरी मुळातच अधिक असते. हे माप केवळ कौतुकाचे नाही. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाची एक झडप जाड होऊन गळू लागते. अशा ३६० कुत्र्यांवरील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे हृदय वाढले होते पण धाप लागली नव्हती, त्यांना पिमोबेंडन हे औषध दिल्याने हृदय थकण्याचा काळ सुमारे १५ महिने पुढे गेला, असे त्यात आढळले. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे थोडे नव्हेत.

फुप्फुसातील पांढरेपणाही कोठे आहे, ते पाहावे. न्यूमोनियाचा पांढरेपणा बहुधा पुढल्या व खालच्या भागात दिसतो. हृदय थकल्याने झिरपलेल्या पाण्याचा बहुधा हृदयाच्या मागे व वरच्या बाजूस. पांढऱ्या भागात श्वासवाहिन्यांच्या काळ्या फांद्या निष्पर्ण झाडासारख्या दिसल्या, तर वायुकोशांत हवेऐवजी काही द्रव भरला आहे असे समजावे. परंतु तो द्रव पाणी आहे, पू आहे की रक्त आहे, हे चित्र सांगत नाही. तिन्हींची सावली एकच. तेथे रोग्याचा इतिहास, ताप, रक्ततपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात वयोमानाने बारीक रेषा येतात, बरगड्यांच्या कूर्चेत चुना साठतो. तो रोग नव्हे. जसे आमच्या केसांचे पांढरेपण हा रोग नव्हे.

आता बंड्याकडे परत येतो. डॉक्टरबाईंनी जुन्या चित्रातील दोष एकेक करून दाखविले. श्वास बाहेर टाकताना घेतलेले, अंग तिरके, पाय पुढे न ओढलेले, आणि कुत्रा आमच्या कृपेने लठ्ठ. मग त्यांनी नवी चित्रे घेतली. पूर्ण श्वासाच्या चित्रात फुप्फुसे स्वच्छ काळी होती, आणि हृदयाचे माप १०.२ मणके भरले. हृदय मोठे नव्हते. फुप्फुसांत पाणी नव्हते. मग खोकला कशाचा?

त्यांनी मानेच्या भागावर बोट ठेवले. श्वासनलिका तेथे चेपलेली होती. या लहान जातींत श्वासनलिकेची कूर्चेची कडी मऊ पडतात व नळी बसते. मानेतील भाग श्वास घेताना बसतो आणि छातीतील भाग श्वास सोडताना. म्हणून या एका रोगासाठी दोन्ही श्वासांची चित्रे मुद्दाम घ्यावी लागतात. आणि तरीही कधी तो चित्रात चुकतो, तेव्हा दुर्बिणीने पाहावे लागते. मग त्यांनी जुने चित्र पुन्हा पेटीवर लावले. ते चुकीच्या क्षणी घेतलेले होते खरे. पण श्वास सोडतानाचे असल्यामुळेच छातीतील नळी त्यात अरुंद झालेली स्पष्ट दिसत होती. ज्या चित्रावरून आम्ही सोमवार ठरविला होता, त्याच चित्रात खरे उत्तर होते. सर्वांची नजर हृदयावर खिळली होती; नळीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

"गुरुजी, गळ्यात पट्टा बांधता का?" त्यांनी विचारले. बांधत होतो, आणि सारसबागेपर्यंत ओढतही होतो. "खायला काय देता?" चहाबरोबर बिस्किटे, दिवाळीत शंकरपाळे, एरवी तूप लावलेली पोळी. देवघरात उदबत्ती आणि धूप दोन वेळा. यातील एकेक गोष्ट त्या नळीवर ताण आणीत होती, आणि ती सर्व आमच्या हातची होती. गळ्याचा पट्टा गेला, छातीला बांधावयाचा पट्टा आला. धूप बंद झाला; देवांनी तक्रार केलेली नाही. वजन ९ किलोंवरून ७ वर आणावयास ७ महिने लागले. खोकल्याचे औषध आजही चालू आहे. रोग बरा झालेला नाही, होणारही नाही. परंतु रात्री झोप लागते, आणि दिवेलागणीला बंड्या दाराशी उभा असतो.

आता त्या डॉक्टरबाईंविषयी. गतवर्षीच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारले होते, की समाजातील गरीब मुलांच्या शुल्काची अडचण असताना कुत्र्याच्या चित्रांवर पैसे खर्चावे काय? प्रश्न रास्त होता. आम्ही संस्थेचा एक पैसाही यासाठी मागत नाही. ज्याने जीव घरी आणला त्याने त्याचा भार उचलावा, एवढेच म्हणतो. परंतु या प्रश्नास दुसरी बाजू आहे, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. तिला शिरवळला पशुवैद्यक शिकावयाचे होते. "गुरांची डॉक्टर होऊन मुलीचे लग्न कसे जमायचे?" असे समितीत बोलले गेले. ते बोलणारे आम्ही होतो. अर्ज वाचण्यापूर्वीच आम्ही मत दिले होते. अन्य सभासदांनी आमचे ऐकले नाही, शिष्यवृत्ती मंजूर केली, म्हणून त्या रविवारी आम्हांस ते दार उघडे सापडले. बाईंना हे ठाऊक आहे की नाही, आम्ही अद्याप विचारलेले नाही. आज त्या समोर बसल्या आहेत. आता ठाऊक झाले.

बंधुभगिनींनो, आमच्या विनंत्या तीन. पहिली, घरातील कुत्रा खोकत असेल तर आज रात्रीच त्याच्या गळ्याचा पट्टा सोडावा, आणि उद्या डॉक्टरांकडे न्यावे. दुसरी, छातीची चित्रे एकाहून अधिक घेण्याची विनंती करावी, आणि ती जपून ठेवावीत. जुने चित्र शेजारी असल्यावाचून नवे पुरते वाचता येत नाही. मोबाईलवर छायाचित्र पाठवून निदान मागू नये. पाच छटांतील भेद त्यात बुडतात. तिसरी, जीव संपविण्याचा सल्ला मिळाला, तर तो योग्यही असू शकतो, कधी तोच दयेचा असतो. पण त्यापूर्वी दुसऱ्या डोळ्यांनी ते चित्र एकदा पाहू द्यावे.

आणि शिष्यवृत्ती समितीतील मंडळींस एक चौथी. या वर्षीचे अर्ज यायला लागले आहेत. आम्हीही समितीत आहोत. या खेपेस प्रत्येक अर्ज कडेपासून मध्यापर्यंत वाचू, असा शब्द आम्ही या व्यासपीठावरून देतो.